कोजागरीच्या प्रश्नाला गच्चीवरचे उत्तर

आश्विन शुद्ध पौर्णिमेच्या मध्यरात्री लक्ष्मी भूतलावर उतरते आणि ‘को जागर्ति?’ म्हणजे ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत घरोघर फिरते, ही आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. त्या प्रश्नाला आपले घर मुके राहू नये म्हणून आपण गच्चीवर किंवा अंगणात बसतो, केशर-वेलदोडे घातलेले आटीव दूध चांदण्यात ठेवतो, लक्ष्मी आणि इंद्र यांची पूजा करतो, घरातील ज्येष्ठ अपत्याला ओवाळतो. हे सारे यथासांग होते. परंतु दुधाचे पेले रिकामे झाले की ज्याच्यासाठी एवढे जागरण केले, त्या चंद्राकडे पुन्हा एकदा मान वर करून पाहणारे आपल्यात किती निघतील?

कोजागरी नसतानाही चंद्रासाठी जागणारी काही माणसे आपल्या गावोगावी आहेत. कोणी बँकेतील कारकून, कोणी शाळेतील शिक्षक, कोणी महाविद्यालयातील विद्यार्थी, तर कोणी सेवानिवृत्त गृहस्थ. परसदारी किंवा गच्चीवर तिवईवर एखादी लहानशी दुर्बीण उभी करावी, शेजारच्या दिव्याचा झोत चुकवावा, हाती घड्याळ घ्यावे आणि डासांचा मारा सोशीत तासन्‌तास बसावे, हा त्यांचा नेम. चंद्र आपल्या मार्गाने जाता जाता कधी एखाद्या ग्रहाच्या नेमका पुढे येतो आणि तो ग्रह काही काळ चंद्रबिंबाआड दडतो. या घटनेला ज्योतिषशास्त्रात पिधान म्हणतात. ते पाहण्याच्या ओढीने ही माणसे झोप मोडतात; त्याबद्दल त्यांना ना वेतन मिळते, ना मानपान.

आजच्या मंगल दिवशी या जागणाऱ्यांविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटले. त्याला कारणही तसेच आहे. ज्या पिधानाच्या दर्शनासाठी ही मंडळी आसुसलेली असतात, त्याच पिधानाचे नाव घेऊन भाविक घरांत भय पेरण्याचा उद्योगही चालतो. एक जण म्हणतो, ‘या, पाहा’. दुसरा म्हणतो, ‘खिडक्या लावून घ्या’. धर्मशील कुटुंबाने यांतील कोणाचे ऐकावे, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

चैत्रगौरीची ती संध्याकाळ

२४ मार्च २०२३ हा दिवस पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्या दिवशी चैत्र शुद्ध तृतीया होती. गुढीपाडवा होऊन दोनच दिवस झाले होते आणि घरोघरी चैत्रगौर विराजमान झाली होती. त्या दुपारनंतर चंद्राने शुक्राला झाकले आणि भारताच्या पुष्कळ भागांतून ते पिधान दुर्बिणीच्या साह्याने पाहता आले. सूर्य अजून मावळला नव्हता. त्यामुळे नुसत्या डोळ्यांना ते दिसणे कठीण होते. शुक्ल पक्षातील चंद्र आपली अंधारी कड पुढे करून पूर्वेकडे सरकत असतो आणि दिवसाउजेडी ती कड आकाशाच्या निळाईत पार लोपून गेलेली असते. म्हणून दुर्बिणीत दिसते ते असे : चंद्राची फिकट कोर एका बाजूला, तिच्यापासून दूर शुक्राचा पांढरा ठिपका, आणि मध्ये काहीही नसताना तो ठिपका मंदावू लागतो व सुमारे अर्ध्या मिनिटात विझून जातो. तारा एका क्षणात नाहीसा होतो. ग्रहाला बिंब असल्यामुळे तो असा हळूहळू दडतो. पुढे पुष्कळ वेळाने कोरीच्या उजळ कडेपाशी तोच शुक्र पुन्हा प्रकट होतो.

सूर्यास्तानंतरचे दृश्य मात्र सर्वांसाठी होते. पश्चिमेला चंद्रकोर आणि तिच्या अगदी खाली शुक्राचा तेजस्वी बिंदू. कपाळावर चंद्रकोर रेखून तिच्याखाली कुंकवाची टिकली लावावी, तसे ते आकाश दिसत होते. कैरीची डाळ आणि पन्हे घेऊन हळदीकुंकवाहून परतणाऱ्या कितीतरी सुवासिनींनी ते पाहिले आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले. त्या नमस्कारात आम्हांस काहीही गैर वाटत नाही. उलट, त्या वेळी शेजारच्या गच्चीवरील एखाद्या मुलाने, ‘काकू, हाच शुक्र दुपारी चंद्रामागे लपला होता,’ असे सांगितले असते, तर तो नमस्कार अधिकच अर्थपूर्ण झाला असता.

कारण या भेटीत भेट अशी नव्हतीच. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरांवर. त्या दिवशी शुक्र मात्र सुमारे १८ कोटी किलोमीटरांवर होता. चंद्राचा प्रकाश आपल्यापर्यंत सव्वा सेकंदात पोहोचतो, तर त्या शुक्राचा प्रकाश वाटेत दहा मिनिटे होता. एवढ्या अंतराने विलग असलेली दोन बिंबे आपल्या एका दृष्टिरेषेत आली, इतकेच काय ते घडले.

तिथी सांगते ग्रहाचा पत्ता

हे पिधान समजून घ्यायला फार मोठ्या गणिताची गरज नाही. घरातील पंचांग पुरेसे आहे. सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते, हे जुन्या पिढीला पाठ असे. शुक्र सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपलीकडे कधीच जात नाही. म्हणून चंद्राकडून शुक्राचे पिधान व्हायचे, तर ते शुद्ध चतुर्थीपर्यंत किंवा वद्य द्वादशीपासून पुढेच होऊ शकते. पौर्णिमेच्या चंद्राजवळ शुक्र वा बुध कधीही सापडणार नाही. तेथे सापडले तर मंगळ, गुरू, शनी यांच्यासारखे बाहेरचे ग्रह सापडतील, आणि तेही सूर्याच्या समोर आल्यामुळे आपल्या पूर्ण तेजात असतील. २०२२ च्या डिसेंबरात, दत्तजयंतीच्या सुमारास, पौर्णिमेच्या चंद्राने मंगळाला झाकले, ते याच नियमाने. ते पिधान आपल्याकडून दिसले नाही. अमेरिका आणि युरोप येथील निरीक्षकांना मात्र ते पाहता आले.

चंद्र आपल्या बिंबाएवढे अंतर सुमारे एका तासात चालतो. म्हणून पिधान बहुधा तास-दीड तासात आटोपते. त्याचा मार्ग क्रांतिवृत्ताशी सुमारे पाच अंशांनी कललेला असल्यामुळे तो दर महिन्यास प्रत्येक ग्रहाजवळून जातो खरा, पण बहुधा थोडा वरून किंवा खालून जातो. शिवाय चंद्र इतका जवळ आहे, की पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांतून तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर निरनिराळ्या जागी दिसतो. यालाच आपले जुने ज्योतिषी लंबन म्हणत. हा फरक एका अंशाहूनही अधिक, म्हणजे चंद्राच्या दोन बिंबांहून जास्त भरू शकतो. म्हणून एका प्रदेशात ग्रह पूर्ण झाकला जातो, दुसरीकडे तो चंद्राच्या कडेला चाटून जातो, आणि तिसरीकडे तो स्पष्टपणे बाजूला राहतो.

भाविक गृहिणीला ही गोष्ट सर्वस्वी नवी वाटू नये. संकष्टीच्या दिवशी चंद्रोदयाची वेळ मुंबईची निराळी, पुण्याची निराळी, नागपूरची आणखी निराळी असते, हे ती दर महिन्याला वाचते आणि आपल्या गावच्या वेळेप्रमाणेच नैवेद्य दाखवते. चंद्र एकच, पण तो ज्या गावातून पाहावा त्या गावाचा, हे तिला उपवासानेच शिकविले आहे.

‘युद्ध’ नव्हे, ‘समागम’

आता भयाकडे वळू. पिधानाची बातमी पसरताच मोबाइलवर संदेश फिरू लागतात : अमुक राशींवर संकट, तमुक राशीच्या लोकांनी घराबाहेर पडू नये, गर्भवतीने सुई-कात्रीला हात लावू नये, आणि शेवटी अमुक शांती केल्यास पीडा टळेल, तिचा खर्च इतका. आम्ही धर्मविधींचे विरोधक नाही. परंतु शास्त्राच्या नावाने शास्त्रात नसलेले भय विकले जात असेल, तर त्याचा निषेध भाविकांनीच प्रथम केला पाहिजे. कारण फसवणूक त्यांची होते आणि बोल धर्माला लागतो.

सूर्यसिद्धान्तात ग्रहांच्या युतीचा स्वतंत्र अधिकार आहे. मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी हे परस्परांजवळ आले तर त्या प्रसंगाला तेथे ‘युद्ध’ किंवा ‘समागम’ म्हटले आहे. ग्रह सूर्याजवळ गेला तर ‘अस्त’ म्हटले आहे. पण ग्रह चंद्राजवळ आला, तर त्या ग्रंथाने शब्द योजला तो केवळ ‘समागम’ हाच. आमच्या पूर्वजांना चंद्र आणि ग्रह यांच्या भेटीत युद्ध दिसले नाही. ते पाहणारे लोक निराळेच आहेत.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत चंद्राने ग्रह झाकल्याची फले सांगितली आहेत, हे आम्ही लपवू इच्छीत नाही. परंतु ती फले राजे, देश आणि जनपदे यांच्याविषयी आहेत. आमच्या-तुमच्या राशीला धरून घराघरांत भीती घालणारी नाहीत. आणि त्याच वराहमिहिराने त्याच ग्रंथात, ग्रहणाचे कारण राहू नव्हे, चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो म्हणून चंद्रग्रहण होते, हे निःसंदिग्धपणे मांडले आहे. ज्याला तो ग्रंथ प्रमाण मानायचा आहे, त्याने त्याचे हे पानही उघडावे. वेध, स्नान, दान यांचे जे नियम आपण पाळतो ते सूर्य आणि चंद्र यांच्या ग्रहणांचे आहेत. ग्रहाच्या पिधानासाठी खिडक्या लावून बसण्याची रीत आपल्या घरांतून कधी नव्हती.

लंबनाचा जो विचार वर सांगितला, त्यानेही हे भय उघडे पडते. ज्या रात्री एका प्रदेशात ग्रह झाकला जातो, त्याच रात्री दुसऱ्या प्रदेशात तो चंद्राच्या बाजूला सुखरूप चमकत असतो. मग एकाच राशीच्या दोघा भावांपैकी एकावर संकट आणि दुसऱ्याला अभय, असे मानायचे काय? विचार करणाऱ्या माणसाला याचे उत्तर अवघड नाही.

पंचांगाचे मूळ वेधात

काही सश्रद्ध वाचक म्हणतील, ‘दुर्बिणीतून पाहू लागले की भक्ती आटते.’ त्यांना आम्ही नम्रपणे एवढेच विचारतो : ज्या पंचांगाच्या आधारे आपण एकादशी धरतो, संकष्टीचा चंद्रोदय पाहतो आणि आजची कोजागरी ठरवतो, ते पंचांग आले कोठून?

कोकणात समुद्रकाठच्या नांदगावी केशव दैवज्ञ राहत असत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी जुन्या ग्रंथांवरून काढलेली ग्रहस्थाने प्रत्यक्ष आकाशाशी ताडून पाहिली, ती चुकतात असे आढळले, तेव्हा वेध घेऊन ती दुरुस्त केली. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० मध्ये, ‘ग्रहलाघव’ रचला आणि पुढे कित्येक शतके महाराष्ट्रातील पंचांगे त्याच ग्रंथावर चालली. दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वीची ही गोष्ट. या पितापुत्रांजवळ होते ते डोळे, साधी वेधयंत्रे आणि जागण्याची तयारी.

काळ लोटला, तशी ग्रहलाघवाची गणितेही आकाशापासून ढळू लागली. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी नवी कोष्टके सिद्ध केली. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशाने शिक्षक. त्यांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा थोर ग्रंथ मराठीत दिला. बागलकोटला शिक्षकी करणाऱ्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी दृक्प्रत्यय येईल अशी ग्रहगणिते रचली. लोकमान्य टिळकांनी पंचांगशोधनाचा पुरस्कार केला. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या प्रश्नाचा विचार केला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग अमलात आले. या सर्व इतिहासाचे सार ‘दृक्प्रत्यय’ या एका शब्दात आहे. गणिताने जे सांगितले ते डोळ्यांना दिसले पाहिजे. दिसले नाही, तर दोष आकाशाचा नव्हे, गणिताचा.

गच्चीवर घड्याळ घेऊन बसलेला आजचा हौशी निरीक्षक पिधानाच्या वेळी नेमके हेच करीत असतो. सांगितलेल्या सेकंदाला ग्रह दडला की नाही, हे तो तपासतो आणि टिपून ठेवतो. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून, मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून अशा हौशी मंडळींना एकत्र आणीत आले आहे. त्यांना कोणी ‘नास्तिकांचा मेळा’ म्हणत असेल, तर त्याने नांदगावच्या दैवज्ञांना काय म्हणावयाचे हेही सांगावे.

पिधान ही नुसती करमणूकही नव्हे. इ. स. पूर्वीच्या चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने चंद्राआड दडणारा मंगळ पाहिला आणि त्यावरून चंद्र मंगळापेक्षा आपल्या जवळ आहे, असा निष्कर्ष काढला. आपल्याच देशात उटीजवळच्या डोंगरउतारावर गोविंद स्वरूप यांनी १९७० मध्ये ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी रेडिओ दुर्बीण उभारली, ती मुख्यतः चंद्राच्या पिधानांसाठी. अतिदूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी चंद्राआड जाताना कशा मंदावतात, यावरून त्या दीर्घिकांचा आकार आणि नेमकी जागा काढता आली. चंद्राचा पडदा करून विश्वाचा ठाव घेण्याचा हा उपक्रम होता. पुढे त्याच गोविंद स्वरूपांच्या नेतृत्वाखाली नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली.

संकष्टीचे ढग

या जागणाऱ्यांच्या चिकाटीची परीक्षा पाहणारी एक रात्र येथे सांगितली पाहिजे. २४ जुलै २०२४ रोजी आषाढ वद्य चतुर्थी, म्हणजे संकष्टी होती. त्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, चंद्राने शनीला झाकले आणि भारताच्या काही भागांतून ते पिधान दिसण्याजोगे होते. कृष्ण पक्षातील चंद्र उजळ कड पुढे करून चालतो; म्हणून शनी त्या उजळ कडेआड जाणार होता आणि दुसऱ्या, अंधाऱ्या बाजूने कड्यासह हळूहळू बाहेर येणार होता. त्याचा प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे सव्वा तास निघालेला होता. पण आषाढातली ती रात्र. महाराष्ट्रावर पावसाने भरलेले आभाळ होते, आणि दुसऱ्या दिवशी, २५ जुलैला, पुण्यात तर पुराने हाहाकार केला.

त्या संकष्टीला दिवसभर उपाशी राहिलेल्या माउलीने ढगाळ पूर्वेकडे पाहिले, पंचांगातील वेळ पाहिली, चंद्र तेथे आहे असे मानून अर्घ्य दिले आणि मग घास घेतला. तिच्या शेजारच्या घरात कोणी निरीक्षक असेल, तर त्यानेही तेच आभाळ पाहिले असेल आणि दुर्बिणीवर कापड टाकून पुढचा दिवस शोधला असेल. दोघांचाही विश्वास एकाच गोष्टीवर होता : ढगांमागे चंद्र आपल्या वाटेने, ठरल्या वेळी, चालला आहे. ही दोन माणसे एकमेकांना परकी आहेत, असे आम्हांस मुळीच वाटत नाही.

पुढचा दिवस फार दूर नव्हता. १४ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री, कोजागरीला दोनच दिवस उरले असता, चंद्राने शनीला पुन्हा झाकले. आषाढात ज्यांना ढगांनी माघारी धाडले, त्यांच्यासाठी आकाशाने आश्विनात दुसरा प्रसंग योजून ठेवला होता. व्रताप्रमाणेच निरीक्षणातही फळ ज्याच्या त्याच्या वेळी येते. तोवर नेम मोडू नये, एवढेच आपल्या हाती असते.

आमची विनंती

म्हणून आजच्या दिवशी आम्ही तीन गोष्टी सुचवितो. पंचांगकर्त्यांनी आपल्या प्रदेशातून दिसणाऱ्या पिधानाच्या वेळा, संकष्टीच्या चंद्रोदयाप्रमाणेच, गावांच्या नावांसह ठळकपणे छापाव्यात. देवस्थाने आणि उत्सव मंडळे यांनी अशा रात्री आवारातील झगझगीत दिवे तासभर मालवावेत आणि हौशी निरीक्षकांना दुर्बिणी मांडू द्याव्यात. देवाच्या दारात आकाश पाहणे हे अनुचित नाही. आणि भाविक कुटुंबाने पिधानाच्या दिवशी खिडकी लावण्याऐवजी मुलांना घेऊन गच्चीवर जावे. मात्र पिधान दिवसाउजेडी असेल, तर जाणत्या माणसाच्या देखरेखीवाचून दुर्बिणीला डोळा लावू नये. सूर्याकडे वळलेली दुर्बीण दृष्टी कायमची हिरावून घेते.

निरीक्षक मंडळींनाही आमचे एक सांगणे आहे. उपवास करून चंद्राची वाट पाहणाऱ्या आजीची त्यांनी थट्टा करू नये. महिन्यातून एकदा, ठरल्या वेळी, न चुकता चंद्राकडे पाहणारी ती आहे. दुर्बिणीचा पहिला मान तिला द्यावा. चंद्रावरची विवरे आणि शनीची कडी पाहून ती हात जोडील. ते तिला जोडू द्यावेत.

आज रात्री पूजा झाल्यावर, दूध घेऊन झाल्यावर, सर्वांनी थोडा वेळ गच्चीवरच थांबावे. घरात द्विनेत्री दुर्बीण असेल तर बाहेर काढावी. नसेल तर नुसत्या डोळ्यांनी पाहावे. चंद्राजवळ कोणता तारा, कोणता ग्रह आहे, हे मुलांना विचारावे आणि तासाभराने तो किती सरकला, हे त्यांनाच पाहू द्यावे. मध्यरात्री लक्ष्मीचा प्रश्न येईल, तेव्हा ‘आम्ही जागे आहोत, आणि पाहतही आहोत,’ असे उत्तर आपल्या प्रत्येक घरातून जावो, हीच आजच्या पौर्णिमेला आमची प्रार्थना.